मोंढ्याचा भाव आणि गल्लीचे भाडे

घर भाड्याने घेणे हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणास वाटत नाही. लढायांचा, वतनांचा, देवस्थानांचा इतिहास लिहिला जातो. समाजाच्या स्मरणिकांतूनही कुलवृत्तांत आणि सत्पुरुषांची चरित्रे यांना पहिले स्थान मिळते, आणि ते योग्यच होय. परंतु गेल्या शंभर वर्षांत आपली कितीतरी कुटुंबे खेड्यातून तालुक्यास आणि तालुक्यातून परभणीस आली, तेव्हा त्यांचे पहिले पाऊल पडले ते स्वतःच्या घरात नव्हे, भाड्याच्या खोलीत. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी आला, कोणी कचेरीतील नोकरीसाठी, कोणी दुष्काळाने गाव सोडले म्हणून. त्या खोलीचे भाडे किती असावे, हे त्यांना कोणी सांगितले? ही माहिती कोणापाशी असे, कोणापाशी नसे, आणि नसणाऱ्यास तिची किंमत कशी मोजावी लागे? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे आपल्या जिल्ह्याचा एक वेगळाच इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. तो येथे संक्षेपाने मांडावा, आणि त्यातून आज आपण काय घ्यावे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मोंढ्याकडे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली आणि परभणी, सेलू, मानवत या बाजू कापसाच्या व्यापाराने गजबजल्या. शेतकरी गाडी भरून आणी, परंतु आपल्या मालाचा भाव काय हे त्यास ठाऊक नसे. देशाच्या पुष्कळ भागांत त्या काळी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल होती. अडत्या आणि खरीददार यांच्या बोटांत काय बोलणे झाले, हे शेजारी उभ्या असलेल्या मालाच्या धन्यासही कळत नसे. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी कायदा झाला, आणि त्याच वाटेने हैदराबाद संस्थानात फसली १३३९ मध्ये, म्हणजे १९३० च्या सुमारास, शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. पुढे नियंत्रित बाजारांत उघड लिलाव रूढ झाला, भाव फळ्यावर लागू लागला. कायद्याने शेतकऱ्याच्या कापसाचा कस वाढला नाही, तथापि भाव सर्वांच्या कानी पडू लागला, एवढ्यानेच त्याची बाजू पूर्वीपेक्षा बळकट झाली.

मोंढ्यात रुमाल दूर झाला, परंतु गल्लीत तो तसाच राहिला. कापसाचा आजचा भाव परभणीत कोणासही विचारता येतो. मोंढ्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांस काय भाडे पडते हे मात्र घर शोधणाऱ्यास आजही चार जणांकडून चार प्रकारे ऐकावे लागते. आमच्या सर्व विवेचनाचा गाभा हाच आहे.

जुन्या परभणीत आजच्या अर्थाने भाड्याचा बाजार नव्हता. घरे माळवदाची, वाडे चौकाचे. वाड्याच्या ढाळजेत किंवा मागील सोप्यात एखादे बिऱ्हाड ठेवून घेत. त्याचे भाडे जागेवरून ठरे त्याहून अधिक संबंधावरून ठरे. बिऱ्हाडकरूने सणावारी वाड्यातील कामास हात लावावा, मालकाने अडीअडचणीस धान्य द्यावे, आणि पैशाचा भाग या देवघेवीत लपून जावा, अशी ती रीत होती. पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती कोणी टाकावयाची, गळती लागली तर दुरुस्ती कोणाकडे, आडाचे पाणी कोणी शेंदावयाचे, हे सर्व तोंडी असे. पैशाचा हिशेबही सरळ नव्हता. संस्थानात हाली शिक्क्याचा रुपया चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी कलदार. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, असा ढोबळ हिशेब होता. वऱ्हाडातून आलेल्या माणसास चौदा रुपये भाडे सांगितले तर ते बारा कलदार आहेत हे त्याने ओळखले पाहिजे. एखाद्या घरात जुन्या वहीत आजोबांच्या काळचे भाडे लिहिलेले आढळले, तर तो आकडा हाली की कलदार, हे पाहिल्यावाचून त्याची तुलना कशाशीही करू नये.

अशा स्थितीत नवख्यास माहिती मिळे ती आप्तांकडून. गंगाखेडचा किंवा जिंतूरचा मुलगा शिकावयास परभणीस आला की तो प्रथम ज्ञातीतील एखाद्या मास्तरांचे, मुनिमाचे अथवा कारकुनाचे घर गाठी. ते चार ठिकाणी शब्द टाकीत, आणि आठवडाभरात खोली मिळे. या व्यवस्थेने आपल्या समाजाचे किती भले केले, हे वयोवृद्ध मंडळी जाणतातच. जातिसंस्थांनी घराच्या प्रश्नात घातलेले लक्ष ही काही केवळ परभणीची गोष्ट नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढविले आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली, कारण खेड्यातील मुलास शाळा मिळाली तरी शहरात राहावयास जागा मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मुंबईस १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीस सारस्वतांची सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. तीत सभासद हेच संस्थेचे भाडेकरू होते. भाडे कशाचे आणि किती, हे संस्थेच्या हिशेबातून प्रत्येकास कळण्याजोगे होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच त्या संस्थेची मोठी शिकवण आम्ही मानतो.

परंतु इतिहास लिहावयाचा तर त्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्या दारातून आपल्या माणसास आत घेतले, तेच दार दुसऱ्यास बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून विद्या संपादन करून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी काही दिवस काढले, आणि तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना आसरा देणारे घर निघाले नाही. ज्याच्या खिशात भाडे होते आणि अंगी विद्वत्ता होती त्याची ही गत, तर आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या गरीब दलित विद्यार्थ्याने परभणीत कोणाकडे भाड्याची चौकशी करावी? १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा ठरविला. तथापि 'घर रिकामे नाही' असे गोड शब्दांत सांगणे आणि तेच घर दुसऱ्या दिवशी आपल्या आप्तास देणे, हे कायद्याच्या कक्षेत आणणे फार कठीण. ज्ञातीपुरती ठेवलेली माहिती ही अशी दुधारी असते. आपल्यासाठी जी सोय, ती दुसऱ्यासाठी भिंत.

आणि त्या सोयीतही तोटा होता, हे थोडे विचार केल्यास दिसते. ओळखीने मिळालेल्या घराची पावती कोणी मागत नसे, कारण नात्यात पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. भाडे वाढविताना मालक संकोचे आणि मनात कुढे, दुरुस्ती मागताना भाडेकरू संकोचे आणि गळके छत सोशी. पाच-सात वर्षांनी जागा रिकामी करून मागितली की दोन्ही घरे एकमेकांच्या लग्नकार्यास जाईनाशी होत. शिवाय आपल्याच चार घरी विचारणाऱ्यास चारच घरांचे भाडे कळते. चार घरांवरून गल्लीचे भाडे ठरत नाही. घर देणाऱ्याचेही तसेच. केवळ आपल्यांतच भाडेकरू शोधणारा मालक कित्येकदा महिनेच्या महिने खोली रिकामी ठेवतो.

पुढे काळ पालटला. महायुद्धांत शहरांत माणसांची गर्दी झाली, बांधकाम थांबले आणि भाडी वाढू लागली. १९१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात कामगारांच्या बायकांनी पुढे होऊन भाडेवाढीविरुद्ध मोठा लढा दिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटास भाडी गोठविणारा कायदा करावा लागला. मुंबईतही १९१८ साली तसा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत हैदराबाद संस्थानातही फसली १३५३ मध्ये घरभाड्याच्या नियंत्रणाचा आदेश निघाला. त्यानंतर १९४७-४८ चा तो कठीण काळ आला. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीजवळची पुष्कळ कुटुंबे वऱ्हाडात गेली, आणि परक्या गावी, पावसापाण्यात, मिळेल त्या जागी राहिली. गरजेच्या वेळी आणि अनोळखी गावी माणूस भाडे विचारतो, पण घासाघीस करू शकत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५४ साली हैदराबाद राज्याने घरांचे भाडे, निष्कासन आणि पट्टा यांच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, पण हा कायदा मराठवाड्यात तसाच चालू राहिला. परिणामी एकाच राज्यात तीन कायदे नांदू लागले. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७ चा, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४६ चा कायदा व त्याखालील १९४९ चा आदेश, आणि आपल्याकडे हैदराबादचा. पुण्याहून परभणीस आणि परभणीहून अकोल्यास बदली झालेल्या कारकुनास दर वेळी निराळ्या कायद्याखाली घर घ्यावे लागे.

या कायद्यांत एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. वऱ्हाडास लागू असलेल्या १९४९ च्या आदेशात माहिती गोळा करणे व जागा देणे यांविषयी एक प्रकरणच होते. जागा रिकामी होताच मालकाने ती अधिकाऱ्यास कळवावी, असा त्याचा दंडक होता. हैदराबाद राज्याचा तेलुगु भाग ज्या राज्यात गेला त्या आंध्र प्रदेशाने १९६० साली आपला कायदा केला. त्यात योग्य भाडे कसे ठरवावे हे सांगितले आहे. ५ एप्रिल १९४४ पूर्वीच्या बारा महिन्यांत त्याच वस्तीत, तशाच जागेस, तशाच परिस्थितीत काय भाडे चालू होते, आणि मालमत्ता-कराच्या वहीत त्या जागेचे भाडेमूल्य काय नोंदले आहे, हे नियंत्रकाने पाहावे. म्हणजे ज्या गोष्टीची चौकशी सुज्ञ गृहस्थ घर घेण्यापूर्वी करतो, तीच कायद्याने न्यायाची कसोटी म्हणून स्वीकारली. तीच वस्ती, तशीच जागा, ठराविक काळ: ही तीन मापे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

मात्र काळाचे माप एकदा ठोकून बसविले म्हणजे काय होते, हे मुंबईने दाखविले. तेथे प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले गेले. प्रारंभी त्याने गरिबांचे रक्षण झाले. परंतु पंचवीस-तीस वर्षांनी ते भाडे घराच्या दुरुस्तीसही पुरेना. कागदावर चाळीसचे भाडे, आणि कागदाबाहेर पागडी, असा व्यवहार सुरू झाला. खरा भाव पुन्हा रुमालाखाली गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात, काळ लोटल्याने या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत, असे मत दिले. त्यानंतर तिन्ही जुने कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ करण्यात आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. परभणीचा गृहस्थ आणि पुण्याचा गृहस्थ एका कायद्याखाली आले, ते राज्य झाल्यानंतर चाळीस वर्षांनी.

दरम्यान परभणी वाढत होती, आणि प्रत्येक वाढीबरोबर नवा भाडेकरू येत होता. १९५६ साली कृषी महाविद्यालय निघाले, १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली बसली व १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यातून काढला गेला, आणि पाटबंधारे खात्याची माणसे आली. १९७२ च्या दुष्काळात खेड्यांतून पोटासाठी माणसे आली. पूर्णा हे तर रेल्वेचे जंक्शन, तेथे बदलीची बिऱ्हाडे नित्याचीच. पुढे १९८१ साली परतूर जालन्यास गेले, १९९९ साली हिंगोली निराळा जिल्हा झाला, २०११ साली परभणी महानगरपालिका झाली. या बदलीच्या माणसांमुळे भाडे मोजण्याची एक चुकीची रीत येथे रूढ झाली, असे आमचे मत आहे. मालक घराकडे न पाहता भाडेकरूच्या पगाराकडे पाहू लागला. 'तुम्हांस सरकारातून घरभाडे भत्ता मिळतो, मग देण्यास काय हरकत?' हे वाक्य कोणत्या नोकरदाराने ऐकले नाही? भत्ता पगाराच्या प्रमाणात ठरतो, घराच्या गुणाने नव्हे. एकाच वाड्यातील दोन सारख्या खोल्यांस साहेब अधिक भाडे देतो आणि शिपाई कमी. मग तिसरा कोणी गरीब मनुष्य चौकशीस आला की त्यास साहेबाचे भाडे सांगितले जाते, आणि तोच गल्लीचा भाव म्हणून पसरतो.

तेव्हा गल्लीचे खरे भाडे शोधावे कसे? आजवरच्या इतिहासातून जे हाती लागते ते येथे देतो. आज फळ्यावर पाटी लागते, भ्रमणध्वनीवर जाहिरात दिसते. परंतु पाटीवर आणि जाहिरातीत असते ते मागितलेले भाडे, ठरलेले नव्हे. शिवाय जुन्या गल्ल्यांतील बहुतेक खोल्या जाहिरातीत येतच नाहीत. ठरलेले भाडे ठाऊक असते ते तेथे राहणाऱ्यास आणि नुकतेच घर सोडून गेलेल्यास. म्हणून मालकास विचारण्यापूर्वी त्या गल्लीतील निदान पाच-सहा बिऱ्हाडांस विचारावे, आणि त्यांत निरनिराळ्या समाजांची घरे असावीत. किराणा दुकानदार, दूधवाला, शाळेचा शिपाई यांना गल्लीची बित्तंबातमी असते.

विचारताना सारख्याची तुलना सारख्याशी करावी. खोल्या दोन असल्या तरी नळास पाणी किती दिवसांआड येते, उन्हाळ्यात कूपनलिका टिकते की टँकर मागवावा लागतो, विजेचे मीटर स्वतंत्र आहे की सामाईक, वरचा मजला पत्र्याचा की स्लॅबचा, शौचकूप घरात की चौकात, हे पाहिल्यावाचून आकड्यास अर्थ नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची स्वस्त खोली चैत्रवैशाखात किती महाग पडते, हे तेथे राहिलेल्यासच विचारावे. काळही सारखा असावा. शाळा-महाविद्यालये उघडण्याच्या आणि बदल्यांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, भाडी चढतात. तेव्हाचा आकडा दिवाळीनंतर लावू नये. ज्यांच्या मुलांना पुढील वर्षी शहरात ठेवावयाचे आहे त्यांनी निकालाची वाट न पाहता आधीच चौकशी करावी.

अनामत रकमेचा हिशेब तर पुष्कळ जण करीतच नाहीत. केवळ हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. एका घराचे भाडे ६,००० रुपये आणि अनामत १२,००० रुपये आहे. दुसऱ्याचे भाडे ५,७०० रुपये, परंतु अनामत १,००,००० रुपये. दुसरे घर दरमहा तीनशेने स्वस्त वाटते. परंतु अनामतीतील फरक ८८,००० रुपयांचा. ती रक्कम बँकेत सहा टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षास ५,२८० रुपये, म्हणजे महिन्यास ४४० रुपये व्याज आले असते. तेव्हा स्वस्त वाटणारे घर वस्तुतः महिन्यास १४० रुपयांनी महाग आहे. ज्याने ही अनामत सावकाराकडून काढली असेल त्याचा तोटा याहून कितीतरी अधिक.

सार्वजनिक दप्तरांचाही उपयोग करावा. मालमत्ता-करासाठी घराचे करयोग्य मूल्य काढताना, ते घर वर्षास किती भाड्याने जाईल याचा अंदाज घेऊन त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करण्याची रीत आपल्या नगरपालिका-कायद्यांत आहे. तो आकडा बाजाराहून बहुधा मागे असतो, तरी दोन घरांचे परस्परांशी प्रमाण त्यातून कळू शकते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या ५७ व्या कलमाने स्थावर मिळकतीच्या नोंदलेल्या दस्तांची सूची फी भरून कोणासही पाहता येते, आणि राज्याच्या नोंदणी खात्याने ती सोय संगणकावरही केली आहे. तेथील आकडे कागदावर आलेले असतात, हे ध्यानी धरून ते वाचावेत. सरकारचे वार्षिक बाजारमूल्य दरतक्ते मात्र मुद्रांक शुल्कासाठी मिळकतीची किंमत दाखवितात, त्यांवरून भाडे काढू नये.

ही माहिती हाती आल्यावर करार कागदावर घ्यावा. १९९९ च्या अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते की करार लेखी असावा व नोंदलेला असावा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास दंड किंवा कैद होऊ शकते, आणि वाद उत्पन्न झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. मालक बंधूंनी यात आपला तोटा मानू नये. लेखी संमती-परवाना असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्याचा मार्ग २४ व्या कलमाने त्यांनाच मोकळा होतो. नोंदणीचे आणखी एक फळ आहे. एक करार नोंदला गेला की गल्लीच्या खऱ्या भाड्याचा एक आकडा उजेडात येतो. त्याचा उपयोग पुढच्या घर शोधणाऱ्यास होतो, मग तो कोणीही असो.

जर्मनीत शहरांच्या नगरपालिका वस्तीवार चालू भाड्यांचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यास तेथील भाषेत 'भाड्याचा आरसा' अशा अर्थाचा शब्द आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील कायद्याने ही कल्पना स्वीकारली, आणि २०२२ साली अमलात आलेल्या सुधारणेने पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांस असा तक्ता करणे आवश्यक झाले. भाडे किती वाढवावे यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात वाद झाला की दोघेही त्या आरशात पाहतात. परभणीची वस्ती २०११ च्या जनगणनेतच तीन लाखांवर होती. येथे असा आरसा महानगरपालिकेने करावा, हे उत्तम. परंतु तोवर आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

आमची सूचना अशी की संघाच्या कार्यालयात एक भाडेवही ठेवावी. दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, भाड्याने राहणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या प्रत्येक सभासद-कुटुंबाने तीत एक ओळ लिहावी: गल्ली, खोल्या, पाण्याची सोय, छत, ठरलेले भाडे, अनामत, आणि कोणत्या महिन्यात ठरले. मालकाचे वा भाडेकरूचे नाव लिहू नये, त्याची गरज नाही. परभणीबरोबरच सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेड आणि पूर्णा येथील सभासदांनीही आपल्या गावाची पाने भरावीत. दोन-तीन वर्षांत तुलनेजोगे आकडे जमतील.

ही वही केवळ सभासदांपुरती ठेवावी, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. ती कार्यालयाच्या दाराशी, कोणासही पाहता येईल अशी असावी. मोंढ्यातील फळा जात विचारून भाव दाखवीत नाही, म्हणूनच त्यावर सर्वांचा विश्वास बसतो. दुसऱ्या समाजांतील मंडळींनी आपलेही आकडे त्यात घातले तर आपल्याच मुलांना शहराचे अधिक खरे चित्र मिळेल. आणि ज्या घरांचे दार कालपर्यंत ज्ञातीबाहेर उघडत नव्हते, त्यांनी ते उघडण्यास यातून प्रारंभ झाला, तर आपल्या पूर्वजांकडून राहून गेलेले एक कर्तव्य आपल्या हातून घडेल.

येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळाने हा विषय घ्यावा, आणि तोपर्यंत प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचा आकडा लिहून ठेवावा, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.